एकाच खांद्याची हळद

१

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सावरखोरीच्या नाल्यात वाघीण मेलेली सापडली आणि दुपार व्हायच्या आत वनखात्यानं जानराव खंडारेला उचललंही. वनखातं एवढ्या लगबगीनं काम करतं, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एरवी रानडुकरांनी उभा मका लोळवला, की पंचनाम्याला माणूस येईस्तोवर शेतकरी दुसरं पीक पेरून मोकळा होतो. आता मात्र जीपा आल्या, वास काढणारं कुत्रं आलं, अकोल्याहून कॅमेरेवाले आले. गावात कोणी मेलं असतं तर एवढी गर्दी झाली नसती.

वाघिणीच्या तोंडाला फेस होता. तिच्या शेजारी अर्धवट खाल्लेला एक बैल पडला होता. त्याचा कान कापून नेलेला, त्यामुळे कानातला सरकारी बिल्लाही गेला होता. जागा जानरावच्या बांधाला लागून. आणि हाच जानराव गेल्या महिन्यात गावाच्या वनसमितीच्या बैठकीत सगळ्यांदेखत ओरडला होता, "माही गाय खाल्ली तुमच्या वाघिणीनं, अन् तुमी म्हणता गाय हद्दीच्या आत गेलती म्हून भरपाई नाई! एक दिवस जहर घालतो तिले!"

झालं! आणखी काय पाहिजे होतं?

गारखोरे अभयारण्याची हद्द सावरखोरीला येऊन भिडली, तेव्हा गावाची चराई गेली, सरपण गेलं, मोहफूल आणि चारोळी गेली. बदल्यात गावाला एक शब्द मिळाला होता. तो म्हणजे गेट. सफारीचं गेट होईल, पर्यटक येतील, पोरं गाइड होतील, बायका घरी जेवणं घालतील. कित्येक वर्षं पर्यटकांऐवजी डुकरं आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप तेवढे आले. शेवटी यंदा गेट मंजूर झालं. पावसाळा सरला की ते उघडायचं होतं, आणि ज्या वाघिणीसाठी लोक येणार होते, तीच नाल्यात पाय ताणून पडली होती. तिची दोन पिल्लं होती म्हणून अजून आशा होती.

हिवरखेडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर प्रियदर्शनी तायडे यांनी शवविच्छेदन केलं. वाघिणीचं केलं आणि कोणी सांगितलं नसताना बैलाचंही केलं. हात धुताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बैलाच्या उजव्या खांद्याला हळद लागलेली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जानरावची बायको शालू दवाखान्यात आली. सोबत मुलगी होती, आचल. अंगावर गाइडचा नवा खाकी शर्ट. सावरखोरीच्या गेटावरची ती पहिली मुलगी गाइड होणार होती. शिबिरात पक्षी ओळखण्यात ती सगळ्या पोरांच्या पुढे निघाली होती.

"बाई, माह्या माणसानं हे नाई केलं," शालू म्हणाली.

"मग कोणी केलं?"

शालूनं मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी काय सांगू? साहेब लोकं साऱ्या गावाले विचारून राहिले. माणसाईले विचारून काय होते बाई? तुमी जनावरायचे डॉक्टर. तुमी जनावर पाहा."

एवढं बोलून ती उठली. चहा घ्या म्हटलं तर थांबलीसुद्धा नाही. नवऱ्याच्या सुटकेसाठी आलेली बाई हातापाया पडते, रडते, शिव्याशाप देते. ही तर कोणी मागून ऐकत असल्यासारखी बोलून गेली, आणि प्रियदर्शनीला ते फार खटकलं.

३

वनक्षेत्रपाल अनुप काळमेघ माणूस वाईट नव्हता. फक्त थकलेला होता.

"तायडे मॅडम, अहवाल देऊन टाका ना. विषबाधा. आरोपी हातात आहे. वरून फोनवर फोन येऊन राहिले."

"विषबाधाच आहे. पण वाघ मारायला विष घालणारा माणूस मांस चिरून त्यात औषध भरतो. इथं एकही चीर नाही. औषध बैलाच्या कोठ्यात, म्हणजे चारा साठतो त्या पोटात आहे, चाऱ्यात मिसळलेलं. म्हणजे बैलानं ते जिवंतपणी पोटात घेतलं. कपाशीवर फवारायचं पाणी ड्रममध्ये उघडं असेल, तहानलेला बैल प्याला असेल."

"मग वाघिणीच्या पोटात कसं गेलं?"

"बैलाला कोणीतरी ट्रॅक्टरला बांधून नाल्यापर्यंत ओढलं. मागच्या पायांना साखळीचे वळ आहेत. दगडांवर कोठा फुटला आणि आतलं सगळं मांसावर सांडलं. वाघिणीनं ते मांस खाल्लं."

काळमेघ खुर्चीत सरळ बसले.

"आता खांदा बघा," प्रियदर्शनीनं फोनवरचे फोटो पुढे केले. "पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूपहळदीनं शेकतात. दोन्ही खांदे. माझे आजोबा सालदार होते, दुसऱ्याच्या बैलांचे खांदे त्यांनी जन्मभर शेकले. इथं हळद उजव्या खांद्याला आहे, डाव्याला नाही."

"ओढताना पुसली असेल."

"तूप पुसलं जात नाही, साहेब. त्याला माती चिकटते, थर बसतो. डाव्या खांद्यावर कोरडी माती आहे, हाताने झटकली तर झडते. त्या बाजूला तूप लागलंच नव्हतं. उभ्या बैलाचा एकच खांदा कोणी शेकत नाही. बैल डाव्या कुशीवर मरून पडला होता, आणि कोणीतरी त्याचा वरचा खांदा शेकला."

"मेलेल्या बैलाचा?"

"मेलेल्या. शिवाय शिंगं रंगवलेली नाहीत. म्हणजे पोळ्याचा दिवस त्यानं पाहिला नाही. आदल्या दिवशीच गेला. आणि ज्यानं हळद लावली त्यानं तो बैल हातानं वाढवला होता. कोणाचा राग नाही, कट नाही. औषधानं मेलेल्या बैलाची भरपाई मिळत नाही, वाघानं मारलेल्याची मिळते. तुमचाच नियम."

काळमेघ म्हणाले, "सोपं आहे तर. गावात ज्याच्या गोठ्यात एक बैल कमी, तो आपला माणूस."

दोघं जीप काढून सावरखोरीला गेले. पारावर विचारलं, दुकानात विचारलं, घरोघर विचारलं. म्हाताऱ्या नत्थुजीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "कोणाचाच बैल कमी नाई जी. पोळ्याले साऱ्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या. पुऱ्याच्या पुऱ्या. कोणालेही विचारा."

आणि खरंच, कोणालाही विचारलं तरी तेच उत्तर आलं.

४

मग बैल बाहेरचा. बाहेरचा म्हटलं की एकच नाव पुढे येत होतं, ते म्हणजे बंडूशेठ.

अभयारण्याच्या पलीकडच्या, अचलपूरकडच्या गेटावर बंडूशेठचं रिसॉर्ट होतं. सावरखोरीचं गेट झालं असतं तर अकोल्याकडचा पर्यटक त्याच्या हातून गेला असता. शिवाय तो म्हातारे बैल विकत घेऊन जंगलाच्या कडेला बांधतो, म्हणजे पाहुण्यांना वाघ हमखास दिसतो, अशी कुजबुज होती. काळमेघांना हा माणूस आरोपी म्हणून फार आवडला असता. त्यांनी बोलावलं तसा तो आला, आणि बसायच्या आधीच हसला.

"साहेब, खोटं काहून बोलू? इकडचं गेट बंद झालं तं माहा फायदाच हाय. पण डोकं चालवा. वाघीण मेली तं माह्या पाहुण्याईले काय माकडं दाखवू? ती तं दोन्हीकडं फिरत होती."

"बैल तुझा नाही?"

"हळद लावून बैल फेकणारा माणूस माह्याकडं नोकरीले टिकणार नाई, साहेब." जाता जाता तो दारात थांबला. "गावातल्याच कोणाचं तरी काम हाय. अन् गावातल्या कोणालेच ते उघडं पाडायचं नाई. मले तं मजाच वाटून राहिली."

माणूस नीच होता, पण त्याचं चुकत नव्हतं. प्रियदर्शनीला शालूचं बोलणं आठवलं. तुमी जनावर पाहा. मेलेलं जनावर तर पाहून झालं होतं. जिवंत जनावरं पाहायची राहिली होती.

५

लसीकरणाचं निमित्त काढून ती गोठ्यागोठ्यात फिरली. शेवटी चंद्रभान मोहोडांकडे आली.

चंद्रभानभाऊ गावच्या समितीचे अध्यक्ष. गेट आणलं ते याच माणसानं. त्यासाठी अमरावतीच्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, चपला झिजवल्या. पार्किंगला जागा कोणी देईना तेव्हा स्वतःचं वावर दिलं. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी त्यांची असायची. त्यांची बायको जमुना हिनं चहा आणला.

"बैलं पाहू द्या, भाऊ. तेवढी लस टोचून जाते."

"पाहा ना. काहून नाई?"

जोडी देखणी होती. रंगानं जवळजवळ सारखी, शिंगांना लाल रंग, गळ्यात घुंगरं. प्रियदर्शनीनं दोघांना सुई टोचली आणि म्हणाली, "जरा पाण्यावर सोडा बरं. चालताना पाय पाहते."

चंद्रभाननं दावी सोडली. हौदाकडे जाताना दोन्ही बैल एकाच बाजूला सरकले. एकानं दुसऱ्याला ढुशी दिली, दुसऱ्यानं उलटून शिंग दाखवलं. पुन्हा दोघंही उजवीकडे. हौदाशी पोचले तरी डाव्या बाजूला कोणी उभं राहीना.

जुवाला जुंपताना जोडीतला एक बैल कायम उजवीकडे असतो आणि दुसरा कायम डावीकडे. वर्षानुवर्षं तसे चालले की मोकळे असतानाही ते आपापली बाजू धरतात. या जोडीत दोन्ही बैल उजव्या अंगाचे होते. असली जोडी कोणी शेतकरी करत नाही. तिनं नांगराची एक सरळ ओळही धड निघणार नाही.

प्रियदर्शनीनं चंद्रभानकडे पाहिलं. तो बैलांकडे पाहत होता. तिला कळलंय हे त्याला कळलं होतं.

"डाव्याचं नाव काय होतं, भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं हौदाकडे जाऊन बैलांची दावी धरली. आत जमुनाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता.

६

ती तडक रेंज ऑफिसला गेली. जानराव मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. सुटकेची बातमी घेऊन आल्याच्या आनंदात ती भराभरा सांगत सुटली. हळद, कोठा, दोन उजवे बैल, सगळं.

जानरावनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला नवल वाटलं नाही.

"चंदरभाननं तो दुसरा बैल चांदूर बाजारहून साळ्याकडून आणला," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मलेच काहून? गावाले माहीत हाय, बाई. तुमी शिकलेले लोकं, तुमाले बैल म्हणजे बैल दिसते. आमी एकमेकाचा बैल लांबून चालीवरून वळखतो. पोळ्याले तोरणाखाली चंदरभानची जोडी आली तवाच साऱ्याईनं पाह्यलं. तो म्हणे, माह्या बैलाचा पाय मुरगळला, साळ्याचा आणला. आमी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी नाल्यात वाघीण दिसली, बाजूले बैल दिसला. मग कोणी कोणाले काही इचारलं नाई."

"आणि तुम्हाला धरून नेलं तेव्हा?"

"तवाबी कोणी काही बोललं नाई."

खोलीत उकडत होतं. प्रियदर्शनीला त्या गावातलं प्रत्येक तोंड आठवलं. दुकानदार, पारावरचे म्हातारे, पाणी देणाऱ्या बायका. साऱ्या जोड्या पुऱ्या होत्या, असं तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगणारे सगळे. आणि तिला त्या सगळ्यांची मनापासून किळस आली.

"पण का, जानरावभाऊ?"

"काळमेघ साहेब बोलले ना त्या दिवशी नाल्यावर, साऱ्याईदेखत. एखाद्या माथेफिरूचं काम असलं तं गेट राहील. समितीचा हात निघाला तं समिती बरखास्त, गेट तिकडं अचलपूरच्या बाजूले. चंदरभान अध्यक्ष हाय, म्या कोणीच नाई." तो थोडं हसला. "तसा म्या बोललोच होतो ना, जहर घालतो म्हून. गावाले आयताच सापडलो."

"मी हे लिहून देणार आहे. तुम्ही उद्या सुटाल."

"नका देऊ, बाई." तो भिंतीपासून पुढं सरकला. "पोट्टी गेटावर लागून राहिली. खाकी शर्ट घालून आरशात पाह्यते. म्या सुटून काय करू? रातभर डुकरं हाकलू? गेट राह्यलं तं तिचं होईल. मले राहू द्या इथं."

प्रियदर्शनी बाहेर येऊन जीपच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. शालू दवाखान्यात का आली होती, ते आता तिला कळलं. नवऱ्याला वाचवायचं होतं आणि गावात राहायचंही होतं. म्हणून तिनं बोलायचं काम बाहेरच्या बाईवर टाकलं होतं.

७

समितीची बैठक गेटाच्या नव्या शेडमध्ये भरली. भिंतीवर वाघिणीचं मोठं चित्र काढलेलं, रंग अजून ओला. काळमेघ मध्ये बसले. गाव सगळं जमलं होतं.

प्रियदर्शनीनं एकेक गोष्ट सांगितली. कोठ्यातलं औषध सांगितलं, तेव्हा लोक ऐकत होते. एका खांद्याची हळद सांगितली, तेव्हा बायकांनी माना खाली घातल्या. आणि तिनं म्हटलं, "चंद्रभानभाऊंची जोडी इथं आणा आणि जुंपून दाखवा," तेव्हा नत्थुजी ताडकन उभा राहिला.

"जोडी त्याचीच हाय! आमी जन्मापासून पाहून राहिलो!"

"हो, हो! त्याचीच!" चारी बाजूंनी आवाज आले. माणसं शपथा घेऊ लागली. आशाबाई सरपंच तर आपल्या लेकराची शपथ घ्यायला निघाल्या. एका मेलेल्या बैलासाठी एवढी माणसं खोटं बोलायला उभी राहिलेली प्रियदर्शनीनं कधी पाहिली नव्हती.

"बसा खाली," चंद्रभान म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे बसले.

"मोती होता तो. औषधाचं पाणी प्याला, अन् माह्या डोळ्यादेखत गेला. औषधानं मेला तं सरकार काही देत नाई. वाघाचा दात लागला तं देते. म्या काय मोठं पाप केलं? वाघाचा दात लागू द्यावा एवढंच. वाघ कोठा खात नाई, हे मले ठाऊक हाय, बाजूले काढून टाकते. म्हून बिनघोर होतो. ओढताना कोठा फुटला ते अंधारात दिसलं नाई. सकाळी भरपाईसाठी सांगायले जाणार होतो. आधी पाहून येतो म्हून नाल्यावर गेलो, तं ती पडली होती. मंग कान कापला. अन् चांदूर बाजारले पळालो."

"आणि जानरावला नेलं तेव्हा?" काळमेघांनी विचारलं.

"तवा तोंड उघडणारच होतो. घरून निघालोबी होतो." त्यानं गावाकडे पाहिलं. "पारावर हेच सारे उभे होते. कोणी काही बोललं नाई. फक्त रस्ता दिला नाई."

प्रियदर्शनीला एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "भाऊ, बैल वाघापुढं टाकायचाच होता, तर हळद कशाला लावली? त्या हळदीमुळंच तुम्ही सापडलात."

चंद्रभाननं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला आपला प्रश्न फार मूर्खासारखा वाटला.

"त्या दिवशी खांदशेकणी होती, बाई," तो म्हणाला. "मेला म्हून काय झालं? माहा बैल होता तो."

८

चंद्रभानला नेलं. जानराव सुटला. समिती बरखास्त झाली, आणि मंजूर झालेलं गेट पावसाळा सरल्यावर उघडलं ते पलीकडेच, जुन्या गेटाजवळ, बंडूशेठच्या रिसॉर्टच्या दाराशी. वाघिणीची पिल्लं पकडून लांब कुठं तरी नेली. सावरखोरीत डुकरं आणि रोही मात्र होते तेवढेच राहिले. त्यांच्यासाठी कुठली समिती लागत नाही.

दिवाळीनंतर लाळ्या-खुरकूताची लस घेऊन प्रियदर्शनी गावात गेली. दवंडी दिली होती, पण पारावर एकही जनावर आलं नाही. दुकान उघडं होतं. तिनं पाण्याची बाटली मागितली तर दुकानदार म्हणाला, संपली. मागं फळीवर बाटल्यांची रांग दिसत होती.

ती उन्हात बराच वेळ बसून राहिली. शेवटी शालू आली, एकटीच, दोन बैल धरून. जानराव कुठं आहे विचारलं तर म्हणाली, परतवाड्याला, विटांच्या भट्टीवर. गावात त्याला कोणी मजुरीला बोलवत नव्हतं. आणि आचल? आचल घरीच होती. पलीकडच्या गेटावर बंडूशेठनं आपल्याकडची पोरं लावली होती.

प्रियदर्शनीनं लस टोचली. "शालूताई, तुम्हीच म्हणाला होतात, जनावर पाहा."

"हो बाई. म्याच म्हटलं होतं." शालूनं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "तुमी बरोबर केलं. खोटं नाई बोलत, बरोबरच केलं. माहा माणूस घरी आला."

तिनं दावी हाताला गुंडाळली आणि घराकडे वळली. चार पावलं गेल्यावर थांबली. मागं न पाहताच बोलली.

"पण आता आमच्या दारी येत नका जाऊ, बाई. लोकं पाहून राहिले."